अश्वबल डबा

पिंप्राळा, जळगाव
१८ नोव्हेंबर १९९४

सौ. मंदास,

अक्काच्या ओसरीतल्या खाटेवरून तुझ्या नवऱ्याचा आशीर्वाद. नवरा अर्धा प्लास्टरमध्ये आहे, पण आशीर्वाद पूर्ण आहे.

डाव्या पायाचं प्लास्टर मांडीपर्यंत गेलंय. डॉक्टर म्हणतात हाड जागेवर बसलं, आता दोन महिने हलायचं नाही. अक्का दोन्ही वेळा इतकं वाढते की पाय बरा होईल तेव्हा पोट उचलायला माणूस लागेल. दाजी रोज ऑफिसातून आले की विचारतात, "काय धनसिंग, आज किती किलोमीटर झाले?" कपाशीची गाठोडी बांधून झाल्यावर जीपच्या कॅरियरवरून उडी मारायची काही गरज नव्हती, हे मला पटलेलं आहे. तू, माय आणि गावातला तो दुसरा जीपवाला कौतिक, कोणीही ते पुन्हा सांगू नये.

मला घोर जीपचा आहे. लोटनला ड्रायव्हर म्हणून ठेवलं खरं, पण तो गाडी बैलासारखी हाकतो. आणि आपली जीप आधीच दमलेली. सोनगीरच्या चढावर कौतिक त्याची जीप घेऊन बाजूने जातो आणि जाताना हॉर्न वाजवतो. तो हॉर्न मला इथे झोपेतसुद्धा ऐकू येतो.

पण उपाय सापडलाय. अक्काच्या शेजारी रतिलालशेठ राहतात, त्यांचं स्टेशनजवळ गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. त्यांच्याकडे नवीन वस्तू आली आहे. 'अश्वबल' नाव. हातभर तारा असलेला एक डबा. डिझेल गाडीला जोडला की ताकद वाढते आणि डिझेल कमी लागतं. इंजिन खोलायचं नाही, मिस्तरी नको, नुसत्या तारा जोडायच्या. रतिलालशेठ म्हणाले, "भाऊ, इंजिनाला वाटतं आपल्याला दोन सिलिंडर जास्त आहेत."

आपल्या गल्लीतले निंबा आबा मला बघायला आले होते, त्यांच्याबरोबर डबा पाठवतो आहे. लोटनला नीट वाचून दाखव. लाल तार बॅटरीच्या अधिकला, काळी उणेला, पिवळी तार डिझेल पंपाच्या नटाखाली दाबायची. दिवा लागला की काम झालं.

फोन करू नकोस. पंचायतीतल्या फोनवर बोलायचं म्हणजे अख्खं गाव जेवायला बसवल्यासारखं. पत्रच लिही.

तुझा,
धनसिंग


भोरखेडे, ता. शिंदखेडा
२७ नोव्हेंबर १९९४

तुमच्या पायाला आधी नमस्कार, मग तुम्हाला. सध्या घरात मोठा तोच आहे.

डबा पोचला. मायने निंबा आबांच्या हातातून घेतला आणि म्हणाली, "मिठाई धाडी का मना पोऱ्यानी?" उघडून पाहिल्यावर तिचा फार हिरमोड झाला. तुम्ही एवढ्या लांबून तारा का पाठवल्या हे तिला अजून समजत नाही.

तुम्ही लिहिलं त्याप्रमाणे काल दुपारी डबा बसवला. लाल तार अधिकला, काळी उणेला. पिवळी कुठे दाबायची यावर थोडा वेळ गेला, कारण पंपाला नट पुष्कळ आहेत आणि तुम्ही एकच लिहिला होता. जो जवळ होता त्याच्याखाली दाबली. दिवा लागला. लाल आहे, छान दिसतो.

इंजिनाला दोन सिलिंडर जास्त आहेत असं वाटतं का, ते इंजिनालाच विचारावं लागेल. मला तर आवाज तसाच वाटला.

बाकी घरी ठीक आहे. पोरं शाळेत जातात. कपाशीची दुसरी वेचणी चालू आहे. जीपच्या फेऱ्या रोज होतात, सकाळी शिंदखेड्याची दुधाची आणि बाजाराची, गरज पडली तर धुळ्याची. ड्रायव्हरची काळजी करू नका. ड्रायव्हर चांगला आहे.

तुमची,
मंदा


पिंप्राळा
५ डिसेंबर १९९४

सौ. मंदास,

दिवा लागला हे वाचून बरं वाटलं. रतिलालशेठना लगेच सांगितलं. ते म्हणाले, आवाजात फरक पडत नाही, फरक चढावर कळतो.

लोटनला माझे चार शब्द सांग. एक, क्लचवर पाय ठेवून बसू नको. दोन, चढ आला की गिअर आधी बदल, गाडी रडायला लागल्यावर नाही. तीन, कौतिकशी शर्यत नको. चार, तंबाखू खाऊन खिडकीतून थुंकू नको, मागच्या बायका ओरडतात. अजून त्याने क्लच जाळला नाही याचंच मला नवल वाटतं. पण ड्रायव्हर चांगला आहे असं तू लिहितेस म्हणजे डब्याचाच गुण.

इथे दिवस जात नाही. समोरच्या कॉलनीतल्या स्कूटर मोजतो. किक मारल्यावर कोणाची कितव्यांदा सुरू होते हे आता मला न बघता कळतं.

धनसिंग


भोरखेडे
१३ डिसेंबर १९९४

तुम्ही आणि तुमचा पाय, दोघंही गुण्यागोविंदाने राहत असाल.

तुमचे चारही शब्द ड्रायव्हरपर्यंत पोचले. ड्रायव्हर पहिल्या दोन शब्दांवर रागावला, कारण तो आधीपासूनच तसं करतो आहे असं त्याचं म्हणणं. तंबाखूचं तर मुळीच लागू नाही. तिसऱ्यावर मात्र हसला.

गाडी सध्या छान पळते. हे मी मनापासून लिहिते आहे.

माय विचारते, डॉक्टरांनी पुढचं काय सांगितलं? तुम्ही पायाचं काहीच लिहीत नाही. स्कूटरचं लिहिता.

मंदा


पिंप्राळा
२० डिसेंबर १९९४

सौ. मंदास,

आज एवढा आनंद झालाय की खाटेवर उठून बसलो आणि अक्काची बोलणी खाल्ली.

निंबा आबा दवाखान्याच्या कामाने जळगावला आले होते. आल्या आल्या म्हणाले, "धनसिंग, तुनी जीप ते उडी ऱ्हायनी आते!" सोनगीरच्या चढावर कौतिकची गाडी मागे पडली म्हणे, आणि आपल्या जीपमध्ये माणसंही भरलेली होती. मी म्हटलं, "आबा, हा सगळा डब्याचा प्रताप." ते टोपी सारखी करत म्हणाले, "चालावनाराना हात बी चांगला शे." म्हातारा माणूस, लोटनलासुद्धा श्रेय देतो.

रतिलालशेठ तिथेच होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "भाऊ, धुळ्याच्या बाजूला माझा माणूस नाही. तुम्ही एजन्सी घ्या. तुमची जीप हाच पुरावा." मंदा, मी हो म्हटलं. रविवारी, आठ जानेवारीला, पिंप्राळ्याच्या मैदानात गाडीवाल्यांना बोलावलंय. धरणगावचे येतील, रावेर-यावलचे केळीवाले येतील. लोटनला म्हणावं, सकाळी जीप घेऊन ये, डबा पुसून चकचकीत कर. लोकांना बसवून एक चक्कर मारायची.

आणि त्यानंतर जीप विकून टाकू. कौतिकने निंबा आबांकडे निरोप पाठवलाय, तो घ्यायला तयार आहे. जीप उडते म्हटल्यावर तो घेणारच. एजन्सीत बसून धंदा आहे. चढ नको, खड्डे नको, कॅरियर नको. मायला तू समजाव.

धनसिंग


भोरखेडे
२७ डिसेंबर १९९४

तुम्हाला,

हे पत्र तुम्ही पाय उशीवर नीट ठेवून वाचा. जवळ अक्का असू द्या.

जीप विकू नका. आणि डबा विकू नका. दोन्हीचं कारण सांगते.

लोटन नाही. तुम्ही जळगावला गेलात त्याच आठवड्यात सुरतच्या मामाने त्याला कामाला बोलावलं. चावी ओसरीत ठेवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी शिंदखेड्याचा बाजार. पहाटेच बायका टोपल्या घेऊन दारात, दुधाचे कॅन ओट्यावर. मी म्हटलं, आज गाडी नाही. माय भाकरी थापत होती. हात धुतले, चावी घेतली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "तू चालाव. मी बाजूले बसस. कोन काय बोलस ते मी दखस."

तुम्ही विसरलात, पण मायला आठवत होतं. मला बघायला ती रावेरला आली तेव्हा मी वडिलांच्या ट्रॅक्टरवर केळीचे घड घेऊन घरी येत होते. तुम्ही लग्नानंतर एकदा विचारलं होतं, "जीप चालवशील का?" आणि मी हो म्हणायच्या आत हसला होतात.

ट्रॅक्टरचं लायसन होतं. धुळ्याला आरटीओत जाऊन त्यावर जीपची नोंद चढवून आणली. मायही आली होती. साहेबांनी मैदानात गाडी मागे घ्यायला सांगितली, तर मागे बघून रस्ता तीच सांगत होती. साहेबांनी तिला खाली उतरवलं.

पहिले दोन दिवस रस्त्यावर लोक थांबून बघत होते. एक जण म्हणाला, "भागाबाई, सूनले गाडीवर बसाडं का?" माय म्हणाली, "सून गाडीवर नही बसनी. बठ्ठा गाव तिन्या गाडीवर बसस." आणि आता सगळं गाव खरंच बसतं, तो विचारणाराही.

तुम्हाला सांगू नये हे मायचंच. म्हणाली, पहिले पाय बरा होऊ दे, नाही तर तो प्लास्टरसकट उठून येईल. अख्ख्या गावाला तिने तशी ताकीद दिली आहे. निंबा आबा तुमच्यासमोर बिचारे किती अवघडले असतील.

आता डब्याचं. मी तो खरंच बसवला. दुसऱ्या दिवशी बाजाराला निघताना गाडी सुरूच होईना. बॅटरी पार बसलेली. रात्रभर तो लाल दिवा तिचंच पीत होता. बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या आणि धक्का मारला. घरी आल्यावर मी तारा काढल्या. डबा आता मायच्या लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून आहे. त्या कामाला तो उत्तम आहे.

गाडी पळते ती दुसऱ्या कारणाने. बॉनेट उघडलंच होतं, म्हणून एअर फिल्टर काढून पाहिला. आत इतका कापूस जमला होता की उशी भरली असती. वर धूळ आणि ऑइलचा चिखल. माझे वडील दर वेचणीनंतर ट्रॅक्टरचा फिल्टर डिझेलने धुवायचे. तुमच्या जीपने दोन हंगाम नाकात कापूस घालून कपाशी वाहिली. धुतला, नवीन ऑइल घातलं, तर पहिल्याच चढावर गाडी अशी निघाली की मायने दोन्ही हातांनी दार धरलं. काळा धूरही गेला.

कौतिकला मी मुद्दाम मागे टाकलं नाही. थोडं मुद्दाम टाकलं.

आता तुम्ही लोकांना बोलावलंय. सांगाल तर आठ तारखेला मी जीप घेऊन येते. पण डबा लावून खोटं दाखवा म्हणाल तर येणार नाही. ती माणसं आपल्यासारखीच आहेत. त्यांच्याही फिल्टरमध्ये कापूसच असेल.

रागवा, पण उत्तर लिहा.

मंदा


पिंप्राळा
१० जानेवारी १९९५

मंदा,

उत्तर उशिरा लिहितोय. आधी लिहिलं असतं तर कागद जळला असता.

तुझं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, मग अक्काला दिलं. ती चुलीपाशी उभी राहून वाचत होती, वाचता वाचता खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. हसत होती. दाजींनी मोठ्याने वाचलं, तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. ते दोन दिवस तसंच ठेवलं. तू जीप चालवतेस म्हणून नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं म्हणून. मी माझ्याच गाडीच्या ड्रायव्हरला पत्रातून क्लच शिकवत होतो.

तिसऱ्या दिवशी रतिलालशेठना बोलावून सगळं सांगितलं. त्यांना काही वाटलं नाही. "जीप उडते ना? मग उडू द्या. बाई आली तर अजून चांगलं. म्हणू, डबा लावल्यावर गाडी इतकी हलकी होते की बाईमाणूसही चालवतं." मंदा, खोटं नाही सांगत, एक संध्याकाळ मला तेही पटलं होतं. म्हणून तुला पत्र टाकलं नाही. टाकलं असतं तर काय लिहिलं असतं, माहीत नाही.

रविवारी मैदानात पन्नासेक माणसं. जीपा, ट्रॅक्टर, दोन मेटॅडोर. मला खुर्चीवर बसवून नेलं. रतिलालशेठनी भाषण केलं, डबा वर धरला, म्हणाले, "आता या भाऊंच्या तोंडून ऐका." सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकाने विचारलं, "भाऊ, तुमची जीप कुठे आहे?"

मी म्हटलं, "आली नाही. त्या जीपला डबा नाही. एका दिवसात बॅटरी बसली म्हणून काढून टाकला."

"मग ती पळते कशाने?"

"फिल्टर धुतला. आणि बायको चालवते."

रतिलालशेठनी डबा खाली घेतला. मला वाटलं आता हे लोक हसतील आणि मला उठून जाताही येणार नाही. तेवढ्यात पुढे बसलेले रावेरकडचे एक म्हातारे, जीवराम नाना म्हणून, म्हणाले, "ती बाई कोन्या गावची हाय रे भो?"

मी म्हटलं, "रावेरची. केळीवाल्यांची मुलगी."

"मग बराबर हाय," नाना म्हणाले, आणि आपल्या माणसाला म्हणाले, "बॉनेट उघड."

मग काय, मैदानभर बॉनेटं उघडली. ज्याच्या फिल्टरमध्ये सर्वांत जास्त कापूस निघेल त्याची पैज लागली. धरणगावच्या एका जीपमधून तर वाळलेला सरडा निघाला. डिझेलचे डबे आले, लोक धुवायला बसले. हसले तेव्हा एकमेकांना हसले, मला कोणी नाही. तरी दोघांनी अश्वबल घेतलाच. लाल दिवा आवडला म्हणे. रतिलालशेठ जाताना म्हणाले, "भाऊ, तुम्ही धंद्यातले नाही." रागाने नाही म्हणाले. अक्काकडे चहा पिऊन गेले.

आता मायने विचारलं होतं त्याचं उत्तर. डिसेंबरात डॉक्टरांनी फोटो काढला. हाड जुळतंय, पण घोटा पूर्वीसारखा वळेलच असं नाही. डावा पाय. क्लचचा. ते मी तुम्हाला लिहिलं नाही, स्कूटरचं लिहिलं. गाडी चालवता येणार नसेल तर ती कौतिकच्या हातात तरी जाऊ दे आणि मी खुर्चीवर बसून कसलातरी मालक होतो, असं वाटलं होतं. एवढंच होतं ते. एजन्सी वगैरे काही नाही.

तेव्हा तू लपवलंस आणि मीही लपवलं. मायला म्हणावं, तिचा पोऱ्या तिच्यावर गेलाय.

धनसिंग


भोरखेडे
१६ जानेवारी १९९५

तुम्हाला तिळगूळ पाठवते आहे. दोन लाडू रतिलालशेठना द्या.

घोट्याचं वाचलं. मायला वाचून दाखवलं. ती उठून गेली आणि तुमच्यासाठी लसणाचं तेल काढायला लागली. तेही पाठवते, प्लास्टर निघालं की घोट्याला रोज चोळायचं आहे. वळेल. थोडा कमी वळला तरी माणूस तोच राहतो.

कौतिक काल आला होता. जीप विकायची नाही म्हटल्यावर डबा मागत होता. मायने बरणीकडे बोट दाखवलं, "लोनचं सरी तधळ लई जाय." आता तो लोणचं संपायची वाट बघतोय. फिल्टरचं मी त्याला सांगितलं नाही. सांगेन कधीतरी.

एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे घरी आल्यावर वाद नको. तुमचा पाय अगदी पहिल्यासारखा झाला, तुम्ही पळायला लागलात, तरी सकाळची शिंदखेड्याची फेरी माझी. त्या वेळेला सूर्य मागून येतो, रस्ता रिकामा असतो, मागे बायका गाणी म्हणत असतात. ते मी सोडणार नाही. दुपारपासून पुढे गाडी तुमची. बघा पटतं का.

मंदा


पिंप्राळा
२४ जानेवारी १९९५

सौ. मंदास,

काल प्लास्टर काढलं. आतून जो पाय निघाला तो माझा वाटत नाही, एखाद्या शाळेतल्या पोराचा वाटतो. तेल चोळतोय. घोटा थोडा हलला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने क्लचला हात लावायचा नाही. मी म्हटलं, हात नाही लावत, पाय लावतो. ते हसले नाहीत.

सकाळची फेरी तुझी. त्यावर वाद नाही. दुपारचं पुढे बघू, आत्ता तर गाडी दिवसभर तुझीच आहे.

आता येण्याचं. दाजी म्हणत होते, एस.टी.चं रिझर्वेशन करून देतो. मी नको म्हटलं. शनिवारी तू जीप घेऊन ये. सकाळी निघ, ऊन चढायच्या आत पोचशील. एरंडोलजवळ रस्ता खणलाय, तिथे हळू घे. हे ड्रायव्हरला शिकवत नाही, नुसतं सांगतोय.

एक लक्षात ठेव. माझी बायको मला न्यायला येणार आहे, स्वतः जीप चालवत, हे मी इथल्या अख्ख्या गल्लीला सांगून बसलोय. रतिलालशेठ दुकान उशिरा उघडणार आहेत. अक्काने शेजारणींना चहाला बोलावलंय. समोरच्या कॉलनीतले स्कूटरवालेही थांबणार आहेत. तेव्हा ऐन वेळी लाजून दुसऱ्या कोणाच्या हाती गाडी पाठवलीस तर मी खोटा पडेन.

तूच ये.

तुझा,
धनसिंग